दुसरा गियर

सव्वीस वर्षं मी वाल्पराइसोत बस हाकली.
टेकडीवरून बंदरापर्यंत, बंदरापासून पुन्हा वर,
एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात सुट्टे पैसे.
वळणं मला डोळ्यांनी पाठ नव्हतीच कधी,
ती खांद्यांत होती.
हे आत्ता कळतंय,
साखरेनं डोळे नेल्यावर.

एर्सिलिया ओयार्सून, वय एकोणसत्तर, जन्मापासून आंधळी,
मला चालायला शिकवते.
छातीच्या हाडाशी काठी लावून माप घेताना म्हणाली,
"सरळ उभा राहा, बाल्तासार.
बसून बसून वाकलायस, माप चुकतंय."

डावा पाय पुढं, काठी उजवीकडं.
उजवा पाय पुढं, काठी डावीकडं.
पुढचं पाऊल जिथं पडायचंय
तिथं ती आधी जाऊन येते.
वायपरसारखी आहे ही, मी म्हणालो.
"वायपर कसा असतो?" तिनं विचारलं,
आणि मला सांगता येईना.

इथं रस्त्यापेक्षा जिने जास्त.
पत्र्याच्या भिंती टकटक परत फेकतात,
लाकडी भिंती गिळून टाकतात,
आणि मध्येच भिंत संपते, वारा लागतो गालाला:
तिथून समुद्र दिसत असणार.
गाडीतून मी रोज पाहायचो तो.
खरं म्हणजे पाहायचो नाही, असायचा तो तिथं.

एकोणिसाव्या पायरीवर काठी मऊ लागली.
कुत्रं.
या गावात कुत्री उठत नाहीत कुणासाठी.
"त्याला वळसा घाल," एर्सिलिया वरून ओरडली,
"हॉर्न देत बसू नकोस."

मी घाई करतो, असं तिचं म्हणणं.
दोन पावलांचं अंतर काठी एका फेऱ्यात कापते म्हणे माझी.
खरंय. घड्याळावर चाललो आयुष्यभर.
कोपऱ्यावर वही घेऊन माणूस उभा असायचा,
पुढची बस किती मिनिटांपूर्वी गेली ते सांगायचा,
त्याच्या हातावर नाणं टेकवायचं आणि दाबायचा ॲक्सिलरेटर.

एक गोष्ट मात्र बायकोलाही सांगितली नाही.
ऑगस्टमधली सकाळ, पाऊस तिरका.
चढावरच्या थांब्यावर एक बाई एकटीच,
हात वर, हातात पांढरी काठी.
मी तीन मिनिटं मागं होतो.
आंधळं माणूस चढणार, चाचपणार, जागा शोधणार.
काठी मला दिसली होती.
अगदी स्वच्छ दिसली होती.
डोळे उत्तम होते माझे तेव्हा.
एकदाच नाही.

आज त्याच थांब्यावर दोघं उभे आहोत.
मी काठी वर धरलीय, तिनं शिकवल्याप्रमाणं.
खालून एक बस येते, वळण घेते,
इंजिनाचा स्वर उतरत नाही.
डिझेलचा गरम श्वास तोंडावर टाकून
निघून जाते.

"तुझी गाडी दुसऱ्या गियरमध्ये कण्हायची,"
एर्सिलिया म्हणते,
पाव कुठं ताजा मिळतो ते सांगावं तशा आवाजात.
"वळणावरच कळायचं,
ही थांबणार नाही."

मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं.
तोंडात शब्द येत होते,
सगळे आखूड, मापात न बसणारे.

"हात खाली घे, अवघडेल.
पुढची बारा मिनिटांनी.
की चालायचं? उतारच आहे."

उतार.
ब्रेकवर पाय ठेवून उतरलेला हजार वेळा.
डावा पाय पुढं, काठी उजवीकडं.
तिची काठी माझ्या पुढं, जरा डाव्या अंगाला,
टक, टक,
मी माझी तिच्याशी जुळवायला बघतो,
जुळत नाही, मी पुन्हा लवकर.

"हळू," ती म्हणते.
"खाली कुणी वही घेऊन उभं नाहीये."